आयएचसी पहिल्यांदा लावताय? ईआरची एक स्लाइड, फॉर्मालिनपासून रीडिंगपर्यंत

हिस्टोपॅथमधे, म्हणजे टिश्यू तपासणाऱ्या लॅबमधे, नवीन आलेल्या मुलामुलींना एच अँड ई हे नेहमीचं निळं-गुलाबी रंगवणं महिन्याभरात जमून जातं, पण आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटीबॉडी वापरून टिश्यूतलं एखादं प्रोटीन रंगवून दाखवणं) म्हटलं की हात अडखळतो, कारण एक तर अँटीबॉडीची ती एवढीशी बाटली हजारो रुपयांची असते आणि दुसरं म्हणजे स्लाइड बिघडली तर नेमकी कुठे बिघडली ते पटकन कळत नाही. म्हणून इथे एकच मार्कर घेते, ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारं पेशीतलं प्रोटीन, आणि तो हाताने कसा लावायचा ते सुरुवातीपासून सांगते. तुमच्याकडे ऑटोस्टेनर असला तरी वाचा, मशीन आत हेच करतं.

ईआरच का, तर ब्रेस्ट कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटला तो लावावाच लागतो आणि टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारखी हार्मोनची गोळी द्यायची की नाही हे त्याच्यावर ठरतं. ही गोळी निदान पाच वर्षं चालते, कॅन्सर परत येण्याचा धोका बराच कमी करते आणि केमोच्या मानाने स्वस्त पण आहे. आपली स्लाइड खोटी निगेटिव्ह आली तर त्या बाईला ही गोळी मिळतच नाही. हे डोक्यात ठेवून काम करायचं.

आधी अँटीबॉडी काय आहे ते बघू

१९७५ साली केंब्रिजमधे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिल्स्टीन ह्या दोघांनी उंदराच्या प्लीहेतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी मायलोमाच्या, म्हणजे न थांबता वाढत राहणाऱ्या कॅन्सरच्या पेशींशी जोडल्या. त्या जोडपेशीला हायब्रिडोमा म्हणतात, ती मरत पण नाही आणि एकच अँटीबॉडी बनवत राहते. एका पेशीपासून वाढलेली सगळी पिल्लावळ म्हणजे क्लोन, म्हणून मोनोक्लोनल. १९८४ ला त्यांना नील्स येर्नेसोबत नोबेल मिळालं. ईआरच्या विरुद्धच्या मोनोक्लोनल अँटीबॉडी शिकागोला ज्योफ्री ग्रीन आणि एल्वुड जेन्सन यांच्या टीमने १९८० च्या सुमारास बनवल्या, त्याआधी ताजा गोठवलेला ट्यूमर वाटून त्यात ईआर किती आहे ते मोजायचे, आणि त्या वाटणात ट्यूमर किती होता आणि नॉर्मल किती हे डोळ्याला दिसायचंच नाही.

पॉलीक्लोनल म्हणजे सशाच्या किंवा शेळीच्या सिरममधलं मिश्रण, त्यात एकाच प्रोटीनच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतात. मोनोक्लोनल फक्त एकच भाग ओळखते, प्रोटीनचा काही अमिनो आम्लांएवढा तुकडा, त्याला एपिटोप म्हणतात. फायदा असा की दर लॉटला जवळपास तीच अँटीबॉडी मिळते आणि बॅकग्राउंड कमी येतं. तोटा समजून घ्या, कारण पुढची सगळी मेहनत त्याच्यासाठीच आहे. वारीत हरवलेल्या माणसाला शोधायला असा माणूस पाठवला ज्याला फक्त त्याच्या उजव्या गालावरचा तीळ माहीत आहे, आणि हरवलेल्याने तोंडाला उपरणं गुंडाळलेलं आहे, तर तो समोरून गेला तरी ओळखणार नाही. फॉर्मालिन हे उपरणं गुंडाळतं.

बाटलीवर क्लोनचं नाव असतं ते वाचायची सवय लावा. ईआरला ६एफ११ आणि १डी५ हे उंदराचे क्लोन, एसपी१ हा सशाचा मोनोक्लोनल. हो, ससा म्हटलं की पॉलीक्लोनलच असं नसतं. डायल्युशन, बफर, वेळ हे सगळं क्लोनप्रमाणे बदलतं, त्यामुळे "आमच्याकडे ईआर १:१०० ला लावतात" ह्या वाक्याला क्लोन सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नाही.

फॉर्मालिन, जिथे निम्म्या स्लाइडी बिघडतात

ऑपरेशनमधे टिश्यू शरीरातून निघाल्यापासून फॉर्मालिनमधे पडेपर्यंत एक तासाच्या वर वेळ जाता कामा नये आणि फॉर्मालिनमधे कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास, ही ईआरसाठी जगभर मानलेली मर्यादा आहे. फॉर्मालिन १० टक्के न्यूट्रल बफर्डच पाहिजे. म्हणजे बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, आणि त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर न घालता नुसतं पाणी मिसळलेलं फॉर्मालिन हळूहळू आंबट होत जातं, टिश्यूत काळा फॉर्मालिन पिगमेंट दिसायला लागतो आणि अँटीजेन, म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते ते प्रोटीन, पण खराब होतात. टिश्यूच्या निदान दहापट फॉर्मालिन घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठा स्पेसिमेन कापल्याशिवाय ठेवू नका. फॉर्मालिन तासाला साधारण १ मिलिमीटर एवढंच आत शिरतं. अख्खी मॅस्टेक्टॉमी, म्हणजे ऑपरेशनमधे काढलेला पूर्ण स्तन, तशीच बादलीत बुडवून ठेवली तर वरची कातडी छान कडक होते आणि आतला ट्यूमर रात्रभर सडत राहतो. आल्या आल्या मार्जिनला, म्हणजे कापलेल्या कडांना, इंक लावून ५ ते १० मिलिमीटरच्या चकत्या करायच्या, चकत्यांच्या मधे गॉज किंवा टिश्यू पेपर घालायचा म्हणजे फॉर्मालिन सगळीकडे पोचतं. बाहेरच्या हॉस्पिटलमधून येत असेल तर त्यांना फोन करून सांगा की सर्जननी ट्यूमरवर एक काप देऊनच पाठवावं, फॉर्मवर स्पेसिमेन निघाल्याची आणि फॉर्मालिनमधे टाकल्याची वेळ लिहावी. कंटाळा न करता सांगा, दहा वेळा सांगितलं की अकराव्या वेळी आपोआप लिहून येतं.

हाडात पसरलेला कॅन्सर (मेटॅस्टेसिस) असेल तर डीकॅल्सिफिकेशनला, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढायला, कडक ॲसिड वापरू नका, ईडीटीए वापरा. वेळ लागतो, पण ॲसिडमधून आलेल्या निगेटिव्ह ईआरवर विश्वास ठेवता येत नाही.

सेक्शन

३ ते ४ मायक्रॉन, चार्ज्ड किंवा पॉली एल लायसिन लावलेल्या स्लाइडवर. साध्या स्लाइडवर घेतलं तर पुढे प्रेशर कुकरमधे उकळताना सेक्शन सुटून बफरमधे तरंगतं, ते एकदा बघितलं की परत कोणी साध्या स्लाइडवर घेत नाही. वॉटर बाथमधे ॲल्ब्युमिन किंवा जिलेटिन टाकू नका, चार्ज्ड स्लाइडला ते आडवं येतं. प्रत्येक स्लाइडवर दोन सेक्शन घ्या, एका टोकाला कंट्रोल (ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा टिश्यू) आणि दुसऱ्या टोकाला पेशंटचं, मधे जागा सोडून. मग उभी ठेवून पाणी निथळू द्या आणि ६० डिग्रीला एक तास किंवा ३७ डिग्रीला रात्रभर. कापून ठेवलेल्या स्लाइडी सहा आठवड्यांच्या आत वापरायच्या, त्यानंतर ईआर फिका येत जातो. घाई असेल म्हणून आधीच दहा कापून ठेवायची सवय नको, ब्लॉकमधे, म्हणजे मेणात बसवलेल्या टिश्यूत, अँटीजेन जास्त सुरक्षित असतं.

पॅराफिन काढणं म्हणजे झायलीन दोन वेळा, मग ॲब्सोल्यूट अल्कोहोल, ९५, ७० आणि पाणी, हे तुम्हाला एच अँड ई मुळे येतंच. फक्त झायलीन जुनं नको, मेण राहिलं की तिथे पांढुरके पट्टे राहतात आणि त्या पट्ट्यात काहीच रंगत नाही. आता इथून पुढे शेवटच्या अल्कोहोलपर्यंत स्लाइड एकदाही सुकता कामा नये, आणि स्लाइडवर पेशंट नंबर पेन्सिलने लिहा, मार्कर पेनची शाई झायलीनमधे जाते.

कुकर

आता ते उपरणं सोडायचं. फॉर्मालिनने प्रोटीनमधे मिथिलीनचे आडवे टाके घातलेले असतात, ते उष्णतेने सुटतात. १९९१ साली शी, की आणि कालरा यांनी पॅराफिन सेक्शन मायक्रोवेव्हमधे जड धातूंच्या क्षारांच्या द्रावणात तापवून दाखवलं आणि त्यानंतर आयएचसीचं चित्रच बदललं, त्याआधी कित्येक अँटीबॉडी पॅराफिनवर चालतच नव्हत्या.

बफर दोन प्रकारचे. सिट्रेट पीएच ६.० म्हणजे ट्रायसोडियम सिट्रेट २.९४ ग्रॅम एक लिटरला, पीएच ॲसिडने खाली आणायचा. ट्रिस ईडीटीए पीएच ९.० म्हणजे ट्रिस १.२१ ग्रॅम आणि ईडीटीए ०.३७ ग्रॅम एक लिटरला, वर ट्वीन २० अर्धा मिली. ईआरला बहुतेक क्लोन पीएच ९ ला जास्त चांगले येतात, पण बाटलीसोबतचा कागद वाचा. पीएच मीटर रोज कॅलिब्रेट करा, पट्टीने बघून चालत नाही.

बऱ्याच लहान लॅबमधे घरगुती प्रेशर कुकरच असतो आणि तो अगदी व्यवस्थित चालतो, पण शिट्ट्या मोजून नाही. शिट्टी गॅसच्या आचेवर, रिंगवर, पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते, तीन शिट्ट्यांची डाळ एकेका घरी वेगळी शिजते तसंच. बफर आधी उकळू द्या, मग धातूच्या रॅकमधे स्लाइडी सोडा, सगळ्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत, झाकण लावा, पूर्ण प्रेशर आलं की आच कमी करून तिथून घड्याळ लावा. आम्ही ३ मिनिटं ठेवतो, तुम्ही तुमच्या कुकरवर २, ३ आणि ५ मिनिटं लावून कंट्रोल स्लाइडवर बघा आणि जे ठरेल ते कायम ठेवा. वॉटर बाथ असेल तर ९५ ते ९८ डिग्रीला २० ते ४० मिनिटं. नंतर प्रेशर गेल्यावर झाकण काढा आणि स्लाइडी त्याच बफरमधे २० मिनिटं थंड होऊ द्या. गरम स्लाइड बाहेर काढली की दोन सेकंदात सुकते आणि तिथेच सगळं वाया जातं. नवीन मुलं इथे सगळ्यात जास्त घाई करतात.

ब्लॉकिंग आणि अँटीबॉडी

थंड झाल्यावर वॉश बफरमधे घ्या, टीबीएस पीएच ७.६ आणि त्यात ०.०५ टक्के ट्वीन २०. सेक्शनभोवती पॅप पेनने गोल काढा, काढताना आजूबाजूची काच पुसून घ्या पण सेक्शनवर ओल राहू द्या.

आधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, कारण लाल पेशींमधे आणि ग्रॅन्युलोसाइटमधे स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं, ते मारलं नाही तर ते पण तपकिरी होतं. ३० टक्क्याचं १ मिली आणि पाणी ९ मिली, रोज ताजं करा. धुवा. मग किटमधे प्रोटीन ब्लॉक असेल तर ५ ते १० मिनिटं, तो धुवायचा नाही, नुसता झटकायचा.

आता अँटीबॉडी. रेडी टू यूज असेल तर तसाच थेंब घाला. कॉन्संट्रेट असेल तर हिशोब करा. समजा १२ स्लाइडी, प्रत्येकी १५० मायक्रोलिटर, म्हणजे १८०० आणि वर थोडं जास्त धरून २ मिली. १:१०० ला २० मायक्रोलिटर अँटीबॉडी आणि १९८० मायक्रोलिटर डायल्युएंट. पिपेटचं टोक बाटलीत खोल घालू नका, बाहेरून चिकटलेली अँटीबॉडी पण वाया जाते. नवीन बाटली आली की सरळ वापरायला काढू नका, १:५०, १:१००, १:२००, १:४०० अशा चार स्लाइडी एकाच कंट्रोल ब्लॉकवर लावा, ज्याच्यात न्यूक्लियस गडद आणि मागची जमीन स्वच्छ ते डायल्युशन घ्या. कंजूसपणा म्हणून त्याहून पातळ डायल्युशन घेऊ नका, कमकुवत पॉझिटिव्ह केस तिथेच हरवतात.

झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू पेपर घालून ह्युमिड चेंबर करा, डबा पाणसळीत आहे ना बघा, नाहीतर अँटीबॉडी एका कडेला जमा होते. रूम टेंपरेचरला ३० ते ६० मिनिटं. पंखा बंद. मे महिन्यात विदर्भात ४५ डिग्री असताना पंख्याखाली डबा अर्धवट उघडा राहिला की सेक्शनच्या कडा सुकतात आणि कडेने गडद तपकिरी किनार येते, आणि बघणारा ती किनार पॉझिटिव्ह समजू शकतो.

मग तीन वेळा धुणं, मग एचआरपी पॉलिमर (आपल्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी, तिला एचआरपी हे पेरॉक्सिडेज एन्झाइम लावलेलं असतं) किटवर लिहिल्याप्रमाणे, बहुतेक ठिकाणी २० ते ३० मिनिटं. इथे एक चूक मी तीन वेगवेगळ्या लॅबमधे बघितली आहे, अँटीबॉडी सशाची एसपी१ आणि पॉलिमर फक्त उंदरासाठीचा. काहीच रंगत नाही आणि लोक दिवसभर कुकरला दोष देत बसतात. किट उंदीर आणि ससा दोघांसाठी आहे का ते बघून घ्या. आणि सोडियम अझाइड घातलेला बफर धुवायला वापरू नका, अझाइड एचआरपीला मारतं. जुन्या एबीसी पद्धतीत अविडिन बायोटिन वापरायचे, तेव्हा लिव्हर आणि किडनीतलं स्वतःचं बायोटिन पण रंगायचं, पॉलिमरमुळे ते दुखणं गेलं.

डॅब

डॅब म्हणजे जिथे एचआरपी असेल तिथे तपकिरी होणारं रसायन. १ मिली सबस्ट्रेटला १ थेंब डॅब असं बहुतेक किटमधे असतं, वापरायच्या आधीच मिसळा. नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला, डॅब कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे, आणि उरलेलं बेसिनमधे ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून केमिकल वेस्टला द्या. डॅब ५ ते १० मिनिटं, पण पहिल्या वेळी कंट्रोलची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून बघा. आधी काही नसतं, मग एक एक न्यूक्लियस चहाच्या रंगाचा होत जातो, मग कॉफीचा. ते बघणं चुकवू नका, सगळी आयएचसी त्या दोन मिनिटांत समजते. कंट्रोलवर जो वेळ ठरला तोच सगळ्या स्लाइडींना, पेशंटची फिकी दिसते म्हणून तिला दोन मिनिटं जास्त असं कधीच करायचं नाही.

धुवा आणि हिमॅटॉक्सिलिन हलकं, ३० सेकंद ते १ मिनिट, मग नळाच्या पाण्यात ब्लूइंग. एच अँड ई सारखं गडद निळं केलं तर फिका तपकिरी न्यूक्लियस खाली दबून जातो, आणि ईआरमधे नेमकं त्या फिक्यांचंच मोल असतं. मग अल्कोहोल, झायलीन आणि वरची काच चिकटवायला डीपीएक्स. डॅब अल्कोहोलमधे विरघळत नाही म्हणून हे चालतं. एईसी नावाचा लाल क्रोमोजेन वापरत असाल तर तो विरघळतो, त्याला पाण्यातलं माउंटिंग मीडिया लागतं. मेलॅनोमासारख्या केसमधे मूळचंच तपकिरी मेलॅनिन असतं तिथे लालच बरा.

बघताना

रिपोर्ट पॅथॉलॉजिस्ट देतात, पण स्लाइड त्यांच्या टेबलवर जायच्या आधी तुम्ही बघायचीच, आणि पेशंटचा ट्यूमर शेवटी. आधी बाहेरचा कंट्रोल. कंट्रोलला नुसता कडक पॉझिटिव्ह ट्यूमर ठेवू नका, तो अर्ध्या ताकदीच्या अँटीबॉडीने पण रंगतो. फिका पॉझिटिव्ह ट्यूमर किंवा एंडोमेट्रियम ठेवा. मग निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे पेशंटचाच सेक्शन पण ईआर न घालता, तिथे तपकिरी दिसलं तर ते अँटीबॉडीचं नाही. मग आतला कंट्रोल, ट्यूमरच्या बाजूच्या नॉर्मल डक्ट. तिथे सगळ्या पेशी रंगत नाहीत, मधे मधे काही न्यूक्लियस गडद, काही फिके, काही निळे असं दिसलं पाहिजे. हे तिन्ही बरोबर असतील तरच ट्यूमरकडे जा.

ईआर न्यूक्लियसमधेच मोजतात, सायटोप्लाझम तपकिरी झालं असेल तर मोजत नाहीत. १ टक्का किंवा त्याहून जास्त ट्यूमर न्यूक्लियस रंगले तर पॉझिटिव्ह, आणि १ ते १० टक्के असतील तर लो पॉझिटिव्ह असं वेगळं लिहायचं हे २०२० पासून ठरलं आहे. ऑलरेड स्कोअर म्हणजे किती रंगले त्याचे ० ते ५ आणि किती गडद त्याचे ० ते ३, बेरीज ८ पर्यंत.

तीन वर्षांपूर्वी एका बाहेरच्या छोट्या हॉस्पिटलमधून मॅस्टेक्टॉमी आली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी, न कापलेली, डब्यात फॉर्मालिन जेमतेम अर्ध्यापर्यंत. ट्यूमरचा ब्लॉक मी केला, ईआर लावला, स्लाइडच्या टोकाचा कंट्रोल अगदी सुंदर आणि पेशंटचा ट्यूमर पूर्ण निळा. ट्रेमधे ठेवणारच होते, मग ट्यूमरच्या कडेच्या दोन नॉर्मल डक्टवर नजर गेली आणि त्या पण पूर्ण निळ्या, एक न्यूक्लियस तपकिरी नाही. म्हणजे अँटीबॉडी बरोबर, कुकर बरोबर, डॅब बरोबर, पण त्या टिश्यूत ओळखण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं, त्यांनी रिपोर्ट थांबवला आणि ऑपरेशनच्या आधी केलेल्या कोअर बायोप्सीचा ब्लॉक मागवला. कोअर म्हणजे सुईएवढा बारीक तुकडा, फॉर्मालिन लगेच आरपार जातं. त्याच्यावर त्याच बाटलीने, त्याच कुकरमधे ईआर लावला आणि जवळपास सगळे न्यूक्लियस कॉफीसारखे गडद आले. तेव्हापासून आमच्याकडे कोअर असेल तर ईआर आधी कोअरवरच लावतो.

ह्याच कारणाने एक वही ठेवा, कंप्युटरवर असलं तरी वही ठेवा. तारीख, ब्लॉक नंबर, फॉर्मालिनचे तास, क्लोन, लॉट नंबर, डायल्युशन, बफरचा पीएच, कुकरची मिनिटं, डॅबची मिनिटं, तिन्ही कंट्रोल कसे आले आणि सही. नवीन लॉट उघडला की जुन्या लॉटसोबत एकाच ब्लॉकवर लावून त्या दोन्ही स्लाइडी जपून ठेवा. कॉन्संट्रेट २ ते ८ डिग्रीला ठेवायचं, फ्रीजच्या दारात नाही, दार सारखं उघडतं. लाइट गेली तर किती तास गेली ते पण वहीत लिहा. जमलं तर यूके नेक्वास किंवा नॉर्डिक्यूसीसारख्या बाहेरच्या तपासणीत भाग घ्या, ते त्यांचे सेक्शन पाठवतात, आपण आपल्या पद्धतीने रंगवून परत पाठवायचे आणि ते मार्क देतात. आमचा पीएच मीटर ०.४ ने चुकत होता हे आम्हाला अशाच एका कमी मार्कानंतर शोधताना सापडलं, आणि त्या महिन्यातल्या सगळ्या निगेटिव्ह ईआर आम्ही वहीतून काढून परत लावल्या.